आतलं सारवण

१

सकाळची पहिली नाव सुटायच्या आत चिमणगाव जागं करून ठेवायचं, हे दीपाचं काम. छपरांवर पडलेला कडुनिंबाचा पाला वेचायचा. चिमण्यांनी धुळीत खेळून उकरलेली अंगणं बोटानं सारखी करायची. पाराजवळची चिंच म्हणजे खरं तर कात्रीनं वर्षानुवर्षं छाटून चिंचेच्या आकाराला आणलेली मेंदी. तिचा चुकार शेंडा खुडायचा. कापसाच्या बाजारातले ढीग दवानं बसून जायचे, ते पिंजून पुन्हा फुगवायचे. मग पालथं पडून, गालाला माती लावून, सगळ्या गावाकडं एकदा नावेतल्या माणसाच्या नजरेनं बघायचं.

कळंबहून यवतमाळकडं जाताना रस्त्याला लागून ही बाग होती. कापूस सोनं होता त्या काळात एका जिनिंगवाल्या शेठनं ती हौसेनं बांधलेली. सिमेंटचा नागमोडी पाट, त्यात गुडघाभर पाणी, पाण्याखालून तारेनं ओढल्या जाणाऱ्या चपट्या नावा आणि पाटाच्या दोन्ही काठांना हे गाव. माती-चुन्याची घरं, बोटभर उंचीची दारं, छपरांवर खऱ्या कवेलूंसारखे भाजलेले इवले कवेलू, विहिरीवर सुतळीचा दोर. चिंतामणीचं दर्शन घेतलेली माणसं पोरांना घेऊन इथं यायची आणि नाव वळणावरून पुढं आली की थोरामोठ्यांचाही आवाज खाली यायचा. दीपा सात वर्षांची असताना वडिलांच्या मांडीवर बसून ही सैर करून गेली होती. बडोद्याला शिल्पकला शिकत असताना तिला कुणी विचारलं की तू या वाटेला कशी लागलीस, तर ती या गावाचं नाव सांगायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, खरंच कुठलं तरी गाव असेल.

शिकून झाल्यावर एका मोठ्या संग्रहालयाचं बोलावणं होतं. ती परत आली. आली तेव्हा कापसानं जिल्हा पार झोपवलेला होता. जिनिंगची धुराडी थंड, बागेत माणूस तुरळक, अर्धं चिमणगाव खचलेलं. बागेच्या ट्रस्टचे अध्यक्ष बबनराव तिला म्हणाले, "पोरी, तुही कळकळ मले समजते. पन लोकायले आता हे पाहाले टाईम नाही. फायबरचे डायनासोर आनतो, लाईट सोडतो डोळ्यातून."

"मला दिवाळीपर्यंत द्या," दीपा म्हणाली. "ट्रस्टींना येऊन बघू द्या. नाही आवडलं, तर मी स्वतः डायनासोर रंगवून देईन."

बबनराव हसले आणि त्यांनी वेळ दिला.

२

दीपाचा एक हट्ट होता. गाव दुरुस्त करायचं तर जसं बांधलं तसंच. ऑइलपेंट नाही, प्लास्टर नाही. पांढरी माती, शेण, चुना आणि गेरू. आणि घर सारवायचं ते आतूनही.

मोटर चालवणारा जहीर पाटाच्या कठड्यावर बसून तिची मजा बघायचा. चाळिशीचा गडी, हाताला कायम ग्रीस. "आतून कोन पाह्यते वो ताई?"

"मी बघते ना."

"तुमी भाड्यानं राह्यले जाता का तिथं? सांगा, मी मालकाले बोलतो. लाईट-पानी हाय का नाही इचारतो."

"तू मोटर बघ जहीरभाई. आज पुन्हा नाव मधेच अडली."

"नाव नाही अडली, पब्लिक खुश होऊन थांबली," तो म्हणायचा. मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलावं तसं, "माही अम्मीबी आतून सारवे. पुरे वीस साल. आमी हासो तिले."

जहीरची आई जैनबबी. दीपाच्या आधी चिमणगाव तिच्याकडं होतं. तीन वर्षांमागं तिच्या दोन्ही हातांतली ताकद गेली आणि तेव्हापासून गाव ओस पडलं. लकवा, असं जहीर सांगायचा.

घरांची छपरं पक्की बसवलेली होती, उचलता यायची नाहीत. आतलं काम करायचं ते दारातून. दीपानं लांब दांडीचा कुंचला केला होता. जहीरनं दिलेला मोटरसायकलचा फुटका आरसा ती उन्हात धरायची, कवडसा दारातून आत सोडायची आणि एक डोळा दाराला लावायची. पहिली खोली लख्ख दिसायची. तिच्यापलीकडं आणखी एक दार होतं आणि त्याच्यापलीकडं आतली खोली. तिथपर्यंत कुंचला पोचत नसे, दांडी भिंतीला अडायची. बांधणाऱ्यानं जिथं कुणी बघणार नाही तिथंही खोली केली, कोनाडा केला, चूल केली. दीपाला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटायचं.

पाराजवळचं घर तिचं सगळ्यात लाडकं. नाव वळण घेऊन आली की पहिल्यांदा तेच समोर यायचं. त्याचं दारही तिनं स्वतः बसवलं, सागाची पातळ फळी, दोऱ्याची बिजागरी. पहिल्या खोलीचं सारवण तिनं दोन दिवस खपून केलं आणि वाळायला सोडलं.

३

तिसऱ्या दिवशी तिनं कवडसा आत सोडला तेव्हा आतली खोली सारवलेली होती.

आधी तिला वाटलं, ओल चढली असेल, म्हणून रंग गडद दिसतो. मग तिनं आरसा जरा कलता केला. जमिनीवर फराटे होते. सारवताना बाई उकिडवी बसून मागं मागं सरकत जाते आणि तिच्या हाताची अर्धी अर्धी वर्तुळं एकात एक अडकत जातात, तसे. फक्त प्रत्येक फराटा नखाएवढा. भिंतीला टेकताना हात कसा वळवावा, कोपऱ्यात बोटं कशी जुळवून घ्यावीत, सगळं जिथल्या तिथं. खोलीभर कुठंही माती जाड नाही, पातळ नाही.

दीपा बराच वेळ तशीच पडून होती. भीती वाटायला हवी होती, पण पहिल्यांदा तिच्या तोंडून निघालं ते "वा."

नंतर तिनं डोकं लावलं. कुंभारीण असेल. ती माशी चिखलाच्या गोळ्या आणून घर बांधते, तिचं काम याहून नाजूक असतं. दीपानं शाळेत असताना खिडकीतलं तिचं मडकं फोडून पाहिलं होतं. ओली माती इथं आयती मिळाली, माशी आत शिरली, झालं. विचार पटण्यासारखा होता. ती कपडे झटकून उठली.

दुपारी डबा खाताना तिचा घास हातात राहिला. ते फराटे उलटे होते.

सारवलेल्या जमिनीवरून वऱ्हाडातली बाई सांगते की हे कुणाच्या हातचं. सगळ्या बायकांचे फराटे उजवीकडून वळतात. दीपा डावखुरी. ती लहानपणी अंगण सारवायला बसली की शेजारच्या बाया हसायच्या, धर्मपालच्या पोरीनं अंगण उलटं घातलं म्हणायच्या. शाळेत गुरुजींनी तिचा डावा हात छडीनं फोडला, तेव्हा वडील शाळेत गेले होते. धर्मपाल कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही नाही. एवढंच म्हणाले, "गुरुजी, हात तिचा आहे. तिचाच राहू द्या."

आतल्या खोलीतले फराटे डाव्या हाताचे होते.

माशीला डावं-उजवं असतं का, असा विचार दीपाच्या मनात आला. आणि असा विचार आपण खरंच करतो आहोत, याचं तिला जास्त वाईट वाटलं.

४

ती कुणाला बोलली नाही. बोलण्यासारखं होतं काय? काम वाढलं असतं तर तक्रार केली असती. इथं काम कुणीतरी करून देत होतं, आणि तिच्यापेक्षा चांगलं.

पाऊस सरला, घरं भराभर उभी राहिली. दीपानं पाराजवळच्या घराची बाहेरची भिंत नव्यानं लिंपली आणि कुणी बघत नाही असं पाहून, उंबऱ्याच्या बाजूला ओल्या मातीत डाव्या करंगळीचं टोक दाबलं. शिल्पावर ती कधी सही करत नसे. पण एवढ्या कामात आपली एवढीशी खूण असावी, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खुणेशेजारी आणखी एक खूण होती. तुरीच्या दाण्याएवढी. दीपानं भिंग आणलं.

तो पंजा होता. पाच बोटं, तळव्यावरची रेघ, अंगठ्याचा फुगीर भाग. लग्नघरी हळदीचा पंजा भिंतीवर उमटवतात तसा नीट, सावकाश दाबलेला. डावा.

"काय सापडलं वो ताई, सोनं?" जहीर पलीकडच्या काठावरून म्हणाला.

"ये इकडं. हे बघ."

जहीर पाटातूनच चालत आला, गुडघ्यापर्यंत भिजून. वाकला, भिंगातून पाहिलं. भिंग पुसून पुन्हा पाहिलं. बोलला तेव्हा थट्टा नव्हती.

"तुमी केलं ना हे? कोरनीनं?"

"नाही."

"तुमीच केलं असंन," तो म्हणाला. "मले भेवाडून राह्यल्या." आणि परत जाताना तो पाटातून गेला नाही. लांबून, पुलावरून गेला.

५

चहाचा कप पहिल्यांदा पडला तेव्हा तिनं लक्ष दिलं नाही.

मग भाकरीचा तुकडा मोडता येईना. वेणी घालताना बोटं केसांतच थांबायची, पुढं काय करायचं ते त्यांना आठवत नसल्यासारखी. दुखत काहीच नव्हतं. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. डावा हात मऊ पडत चालला होता. तळव्याचे घट्टे, जे बडोद्यात चार वर्षं हातोडी-छिन्नी चालवून पडले होते, ते आठवड्याभरात गेले. यवतमाळच्या डॉक्टरांनी रबरी हातोडीनं कोपर, मनगट ठोकून पाहिलं, फोटो काढले. म्हणाले, हात ठणठणीत आहे, विश्रांती घ्या.

घरी वडिलांनी तिच्यापुढं कागद-पेन्सिल ठेवली. "काढ काहीतरी. लहानपणी काढायचीस ते बैल काढ."

दीपानं पेन्सिल धरली. घसरली. पुन्हा धरली. कागदावर एक रेघ उमटली, आणि ती रेघ बघून धर्मपालनी कागद काढून घेतला. दोन वर्षांच्या मुलाची रेघ होती.

"ते काम सोडून दे माय," ते म्हणाले.

"आता दोनच आठवडे राहिले बाबा. आत्ता सोडलं तर ते लोक सगळं फोडतील."

"फोडू दे."

"तुम्ही असं म्हणता?" दीपा म्हणाली. "तुम्हीच दाखवलं होतं मला ते."

जेवताना धर्मपालनी भाकर तिच्या दुधात कुस्करून दिली, आणि तिनं ती उजव्या हातानं खाल्ली.

पाराजवळच्या घरात मात्र काम अडलं नव्हतं. दीपा आता फक्त पाला वेचायची. सारवण, लिंपण, कोनाड्यांतली बारीक नक्षी आपोआप पुढं सरकत होती. चुलीपुढं रांगोळी उमटली होती. एवढी सरळ रेघ दीपाला आयुष्यात जमली नव्हती. ती रोज दुपारी, नावा बंद असताना, डोळा दाराला लावायची. स्वतःला सांगायची की आपण तपासतो आहोत. खरं म्हणजे बघतच राहायची.

एकदा तिनं सहज म्हणून पलीकडच्या काठावरच्या मागच्या ओळीतल्या घरांत कवडसा सोडला. त्या घरांना तिनं अजून हातही लावला नव्हता. बाहेरून भिंती पडायला आलेल्या. आतून प्रत्येक खोली ताजी सारवलेली होती. ओली.

तिथले फराटे उजव्या हाताचे होते.

६

जहीरचं घर कळंबमध्ये, मशिदीच्या गल्लीत. जैनबबी ओसरीवर बाजेवर बसली होती. पोपटी लुगडं, पांढरे केस नीट विंचरलेले. दोन्ही हात मांडीवर उताणे. सून तिला भात भरवत होती. दीपाची नजर त्या हातांवरून निघेना. म्हातारीच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, आणि हात मात्र तान्ह्या मुलासारखे. गुबगुबीत, गुलाबी, एकही रेघ नसलेले.

"ही दीपाताई, अम्मी," जहीर म्हणाला. "बागेतली."

जैनबबीनं घास गिळला आणि सुनेला मानेनंच आत जा म्हणून सांगितलं.

"बेटी, अंदरसे सारवलं का तू?"

"हो."

"दोनी खोल्या?"

"एकच. आतल्या खोलीत हात जात नाही."

"जाते," जैनबबी म्हणाली. "हळूहळू जाते."

ओसरीच्या पत्र्यावर चिमण्या टकटक करत होत्या. दीपा जे विचारायचं ठरवून आली होती, ते तिला विचारता येईना. म्हातारीनंच विचारलं, "उस बाजूची माही घरं कशी हायेत? सारवन कसं दिसते?"

"फार सुंदर," दीपा म्हणाली. ते खरंच होतं. "मी असं काम कुठंच पाहिलं नाही."

जैनबबीचा चेहरा उजळला. कौतुक झालेल्या कारागिराचा असतो तसा, लाजरा आणि तृप्त. "हात हितं होते तवा चुके मी. कोपरा राहून जाये, माती जाडी होये. तिथं नाही चुकत."

"खाला, तुम्ही सोडलं नाही का ते काम?"

"मी तर तीन साल झाले, सोडलं. कामानं कुठं सोडलं?"

जहीर उठून दारात जाऊन उभा राहिला, पाठ करून.

"आणि घर फोडलं तर?" दीपानं विचारलं. "हात परत येतो?"

म्हातारी पहिल्यांदा घाबरली. तिचे खांदे हलले, हात उचलायला गेल्यासारखे, पण हात मांडीवरच राहिले. "तुहा पंजा एकाच घरावर हाय ना? तुहं फोड. आत्ताच फोड, दुसऱ्या घरात शिरायच्या आधी. माह्या घरायले नको लावू. मले आता हितं काय करायचंय ते घेऊन?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "पर फोडाच्या आधी अंदर नको पाहू, बेटी. मी पाह्यलं."

७

ट्रस्टी संध्याकाळी येणार होते. बबनराव सकाळीच स्वतः एक फेरी मारून गेले. नाव वळणावरून पुढं आली तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. उतरल्यावर म्हणाले, "पोरी, माह्या आजीचं घर होतं असं. मी इसरून गेलतो." डायनासोरांचा विषय त्यांनी काढला नाही.

दुपारी बागेत कुणी नव्हतं. नावा काठाला बांधलेल्या, पाटाचं पाणी काचेसारखं स्थिर. ऊन एवढं की चिमणगावाला सावलीच नव्हती. दीपा पाराजवळच्या घरापुढं पालथी पडली. उजव्या हातात छोटी हातोडी. डावा हात तिनं आधी उचलून नीट शेजारी ठेवला होता, एखादी वस्तू ठेवावी तसा.

तिनं हिशेब पक्का केला होता. एक घाव छपरावर, एक भिंतीवर. पाराजवळची जागा मोकळी दिसेल, ट्रस्टींना सांगता येईल काहीतरी. नाही पटलं तर नाही पटलं. हात परत आला तर असं गाव ती पुन्हा उभं करू शकेल, दहा वेळा. हाताशिवाय ती काय होती? तिनं हातोडी उचलली.

मग तिला वाटलं, आपण काय फोडतो आहोत, एवढं तरी बघावं.

तिनं हातोडी खाली ठेवून आरसा घेतला. कवडसा पहिल्या खोलीतून गेला, दुसऱ्या दारातून गेला, आतल्या जमिनीवर पडला. दीपानं डोळा दाराला लावला.

हात काम करत होता.

तुरीच्या दाण्याएवढा, मनगटापर्यंत दिसत होता. पुढचं सगळं दाराच्या कडेनं झाकलं होतं. ओल्या मातीवर पालथा पडायचा, वळायचा, अर्धं वर्तुळ ओढून थांबायचा, आणि फराटा संपताना करंगळी हलकेच वर उचलायचा. बडोद्याच्या सरांनी जंग जंग पछाडलं तरी न गेलेली तिची ती खोड. माती त्याच्याखाली पाण्यासारखी पसरत होती. एकही हालचाल वाया जात नव्हती. घाई नव्हती, शंका नव्हती. दर वेळी आता चुकेल असं दीपाला वाटायचं, आणि तो चुकायचा नाही. कान देऊन ऐकलं तर सारवण्याचा आवाजही येत होता, ओला, एका लयीत, भिंतीपलीकडं कुणाचं तरी घर जागं असावं तसा.

किती वेळ गेला, तिला कळलं नाही. आरसा धरून उजवा खांदा भरून आला होता. कवडसा सरकला की ती पुन्हा जागेवर आणायची. एवढा कोपरा होऊ दे, ती मनात म्हणाली. तो झाल्यावर म्हणाली, आता चुलीपर्यंत. हातोडी गवतात पडून तापली होती.

तिचा श्वास दारातून आत गेला असावा. चुलीपुढची रांगोळी जराशी विस्कटली.

हात थांबला.

तो वळला. आतल्या खोलीतून निघाला, पहिल्या खोलीची जमीन ओलांडून सरळ दाराकडं आला. आता त्याच्या मागं काय आहे ते कवडशात दिसलं असतं. दीपाचा आरसा हलला आणि दिसलं नाही. बोटं फळीच्या कडेवर टेकली. नखांत ओली माती होती. एवढ्या जवळून तिनं ती पाहिली की पापणी त्यांना लागेल असं वाटलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं. परत ये, असं असेल. तिच्या तोंडून निघालं, "फार सुंदर झालंय."

क्षणभर बोटं फळीवर तशीच राहिली. मग सागाचं ते दार तिच्या डोळ्यापुढं सावकाश लागलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. दीपानं त्या दाराला कडी केलेली नव्हती.

ती ऐकत पडून राहिली. थोड्या वेळानं, दारापलीकडं, सारवण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.